ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर आहे? मग या चुका टाळा

वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा, स्वतः होस्ट केलेला ब्लॉग बंद पडला की पहिला संशय हॅकरवर जातो. पण बहुतेक वेळा गोंधळ घरचाच असतो: बदल केला, पण तो नेमका कुठे साठतो हे पाहिलं नाही. लेख, प्रतिक्रिया आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये राहतात. थीम (साइटचं रूप), प्लगिन (जोड-सुविधा) आणि फोटो डब्ल्यूपी-कॉन्टेंट फोल्डरमध्ये. पीएचपी (वर्डप्रेस जिच्यावर चालतं ती भाषा), क्रॉन (ठरल्या वेळी कामं उरकणारा) आणि एसएसएल प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीचं) सर्व्हरवर. हे तीन खण डोक्यात पक्के असले की दुरुस्तीचा अर्धा वेळ वाचतो.

थीमच्या मूळ फाइलींना हात लावणे

रंग बदलला, फूटरमधली ओळ काढली आणि महिन्याभराने थीम अपडेट केल्यावर सगळं पूर्वीसारखं. अपडेट थीमचं आख्खं फोल्डर बदलतं, त्यामुळे हे होणारच. उपाय चाइल्ड थीमचा, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या छोट्या थीमचा. वेगळं फोल्डर करा, त्यात स्टाइल.सीएसएस ठेवा आणि वरच्या शीर्ष-टिपेत ‘थीम नेम’ व ‘टेम्प्लेट’ या दोन ओळी लिहा. टेम्प्लेटपुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं हवं. तिथे थीमचं दिसणारं नाव लिहिलं तर ‘मूळ थीम सापडत नाही’ असा संदेश येतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मूळ थीमची फंक्शन्स.पीएचपी जशीच्या तशी चाइल्ड थीममध्ये चिकटवली जाते. टेम्प्लेटच्या, म्हणजे पानांच्या साच्यांच्या, बाकी फाइलींत चाइल्डची प्रत मूळची जागा घेते, पण फंक्शन्स.पीएचपी दोन्ही चालतात, आधी चाइल्डची आणि मग मूळची. एकच फंक्शन दोनदा घोषित झालं की साइट आडवी. चाइल्डमध्ये फक्त तुमचा नवा कोड ठेवा.

ब्लॉक थीममध्ये, म्हणजे जिची पानं साइट एडिटरमधून घडवता येतात अशा थीममध्ये, गंमत उलटी आहे. साइट एडिटरमधले बदल डेटाबेसमध्ये जातात, म्हणून अपडेटने पुसले जात नाहीत. पण एकदा एडिटरमधून टेम्प्लेट सेव्ह केलं की फाइलीत कितीही बदल करा, पान हलत नाही, कारण डेटाबेसमधली प्रत वरचढ ठरते. एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटचे बदल रीसेट करा, मग फाइल दिसू लागेल.

पान पांढरं पडलं तर? वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, अशा वेळी अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची, म्हणजे दुरुस्तीसाठी आत शिरण्याची, लिंक येते. सर्व्हरवर मेलची व्यवस्थाच केलेली नसेल तर ती कुठून येणार? मग एसएफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली हाताळायची सुरक्षित पद्धत) आत जाऊन प्लगिन्स फोल्डरचं नाव बदला आणि साइट उघडते का पाहा. उघडली तर दोष प्लगिनचा. अ‍ॅडमिनमधलं प्लगिनचं पान एकदा उघडा, म्हणजे सगळी प्लगिन निष्क्रिय होतील. मग फोल्डरला जुनं नाव द्या आणि एकेक प्लगिन सुरू करत जा. डिबग लॉग (त्रुटींची नोंदवही) चालू करणार असाल तर त्रुटी पडद्यावर दाखवणं बंद ठेवा, आणि काम झाल्यावर डिबग.लॉग पुसून टाका. तो डब्ल्यूपी-कॉन्टेंटमध्ये असतो आणि सर्व्हरवर अटकाव नसेल तर कोणालाही वाचता येतो.

मराठी शीर्षकाची तुटलेली लिंक

ही चूक इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचितच सापडेल. वर्डप्रेस लेखाचा स्लग, म्हणजे शीर्षकावरून बनणारा पत्त्याचा भाग, २०० वर्णांपर्यंतच साठवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट घेतं आणि पत्त्यात टक्क्यांच्या चिन्हांसह ९ वर्णांचं होतं. म्हणजे हाती उरतात जेमतेम २२ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘पुण्यातील वाड्यांचा इतिहास’ हे शीर्षक द्या; स्लग होईल ‘पुण्यातील-वाड्यांचा-इतिह’. इतिहासाचा ‘ास’ गळाला! शिवाय ही लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की अनेकदा टक्क्यांची लांबलचक माळ दिसते. प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीतला तीन-चार शब्दांचा स्लग हाताने टाका. प्रकाशित लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवतं. पण पर्मालिंकची (लेखांच्या कायमच्या पत्त्यांची) रचनाच बदलली तर त्यावर विसंबू नका, रीडायरेक्टचे नियम स्वतः लिहा.

फॉन्टचंही तेच. पाश्चात्त्य थीममध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. ते शून्य करा आणि ओळींतलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना साधी आणि ठळक अशा दोन्ही वजनांच्या फाइली चढवा. एकच असेल तर ब्राउझर खोटा ठळकपणा आणतो आणि जोडाक्षरं गिचमिडतात. चाचणीला ‘दुसऱ्या वाऱ्यावर ॲप, क्षत्रिय, श्रद्धा’ एवढं लिहून पाहा.

‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’

हा संदेश आला आणि डेटाबेसचा पासवर्ड बदललेला नसेल तर कॉन्फिग फाइल उकरत बसू नका. आधी डिस्क आणि मेमरी पाहा.

फोनवरून चढवलेल्या मोठ्या फोटोच्या वर्डप्रेस मूळ फाइलीसह वेगवेगळ्या आकारांच्या ८ फाइली करतं; थीमने मागितलेले आकार वेगळेच. विसर्जन मिरवणुकीचे ६० फोटो एकदम चढवले की छोट्या सर्व्हरची डिस्क भरू शकते, आणि भरलेल्या डिस्कवर मायएसक्यूएल (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) लिहू शकत नाही. फोटो चढवण्याआधीच रुंदी १६०० पिक्सेलवर आणा.

१ जीबी रॅमचा सर्व्हर असेल तर हिशेब असा: एक पीएचपी प्रक्रिया साधारण ६० ते ८० एमबी खाते, मायएसक्यूएल ३०० ते ४००. उरलेल्या जागेत पाचेक प्रक्रिया बसतात. मॅक्स-चिल्ड्रन (एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रक्रियांची मर्यादा) २० ठेवलं की गर्दीच्या वेळी मेमरी संपते आणि लिनक्स सगळ्यात जाड प्रक्रियेचा गळा धरतो. ती बहुधा मायएसक्यूएलच असते. मर्यादा ५ करा, १ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या, पेज कॅशे (तयार पानांची साठवण) लावा.

कॅशे लावली की क्रॉन रुसतो, हे मात्र लक्षात ठेवा. वर्डप्रेसचा क्रॉन कोणी साइटवर आलं आणि पीएचपी चालली तरच जागा होतो. कॅशे केलेलं पान पीएचपीला उठवतच नाही. मग गणेश चतुर्थीला सकाळी ६ ला लावलेला लेख दुपारी उगवतो. आतला क्रॉन बंद करून सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये (कामांच्या वेळापत्रकात) दर ५ मिनिटांची नोंद करा. पहिलं काम करून दुसरं विसरलात तर अपडेट आणि बॅकअपही थांबतील. टाइमझोन ‘कोलकाता’ आहे ना, तेही बघा. यूटीसी राहिला असेल तर सगळं साडेपाच तास उशिरा.

घरच्या रास्पबेरी पायवर ब्लॉग

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घरच्या विजेवर चालतो, आणि पुण्यात देखभालीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्डवरचा डेटाबेस खराब होण्याचा धोका असतो. एसएसडी वापरा, रास्पबेरी पाय आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. साइट बाहेरून उघडत नसेल तर राउटरमधला वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची विनंती घरच्या संगणकाकडे वळवण्याचा) काही उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) मागा, टनेल (बाहेरच्या सेवेमार्फत वाट) वापरा, नाहीतर मुंबई किंवा बेंगळुरूतला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या.

मोफत एसएसएल प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याची आठवण करणारे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद केलं असेल तर एचटीटीपी पद्धतीचं नूतनीकरण गुपचूप फसतं. नूतनीकरण होऊनही वेब सर्व्हर रीलोड झाला नाही, तर तो जुनंच प्रमाणपत्र दाखवत राहतो.

बॅकअप

त्याच सर्व्हरवर ठेवलेली झिप फाइल हा बॅकअप नव्हे, आणि ती वेब फोल्डरमध्ये असेल तर तो चोराला दिलेला आहेर. डेटाबेस आणि डब्ल्यूपी-कॉन्टेंट दोन्ही बाहेर पाठवा. डेटाबेसचा डंप (फाइलीत काढलेली प्रत) घेताना आणि परत भरताना कॅरेक्टर सेट (अक्षर-संकेत) यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट लिहा. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या सर्व्हरवर भरून एखादा जुना लेख उघडा. मराठीच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर घाबरू नका, मजकूर बहुधा शाबूत असतो. योग्य कॅरेक्टर सेटने पुन्हा भरला की परत येतो. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर आधी डंपची फाइल उघडून बघा. तिच्यात मराठी असेल तर घोळ भरताना झालाय. तिच्यातही प्रश्नचिन्हंच असतील, तर त्या प्रतीतून मजकूर परत मिळणार नाही. त्याआधीचा बॅकअप काढा.