साथीच्या काळात हाड मोडलं तर या चुका टाळा

२०२० मध्ये कोविडमुळे देशोदेशी रस्ते ओस पडले, मैदानं बंद झाली आणि अपघाताचे रुग्ण घटले. पण न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडलेली वयस्कर माणसं येतच राहिली. सगळ्यात महाग पडणारी चूक याच रुग्णांच्या बाबतीत होते.

‘स्वॅबचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू’ म्हणत त्यांचं ऑपरेशन लांबवू नका. खुबा मोडलेला माणूस कूससुद्धा बदलू शकत नाही. पडून पडून छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेचा नियम आहे की दाखल झाल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. रिपोर्ट नसेल तर संसर्ग आहे असं धरून पूर्ण तयारीनिशी करा. जमेल तिथे कमरेतून भूल द्या, म्हणजे घशात नळी घालायची वेळ येत नाही.

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आकड्याने अनेकजण धास्तावले. २४ देशांतल्या १,१२८ रुग्णांपैकी, म्हणजे ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला होता त्यांच्यापैकी, २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले. आकडा भयंकर आहे. पण म्हणून सरसकट सगळंच थांबवायचं, हा अर्थ चुकीचा. गुडघा बदलणं थांबू शकतं, खुबा नाही. हाड बाहेर आलेली जखमही नाही. तिथे अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासातच शिरेतून जायला हवं.

दुसरी चूक प्लास्टरची. फेऱ्या वाचाव्यात म्हणून घरी काढता येणारे स्प्लिंट, म्हणजे हाडाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आणि आपोआप विरघळणारे टाके वापरले गेले. ते योग्यच होतं. पण प्लास्टर घालून घरी पाठवताना धोक्याच्या खुणा सांगायला विसरू नका. व्हिडिओ कॉलवर ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारून भागत नाही. बोटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी होतं का, ते पाहा. मग घरातल्या कुणाला तरी ती बोटं हळूच सरळ करायला सांगा. तेवढ्यानेच हातात जीवघेणी कळ गेली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच असेल, तर आत दाब वाढतोय. अशा वेळी हात उशीवर ठेवून सकाळची वाट पाहत बसायचं नाही. काही तासांतच स्नायू मरू लागतो. संसर्गाची भीती असली तरी लगेच निघायचं आणि प्लास्टर आतल्या कापसासकट कापून मोकळं करून घ्यायचं.