खाडीतलं यीस्ट: चिखलापासून नव्या प्रजातीच्या नावापर्यंत

ठाण्याच्या खाडीत किंवा गोराईच्या तिवरांत नमुने घ्यायचे तर पावसाळा टाळा. नाले भरून वाहतात, पाण्याचा खारटपणा उतरतो आणि सांडपाण्यातलं यीस्टच प्लेटवर (यीस्ट वाढवायच्या अगारच्या बशीवर) गर्दी करतं. कांदळवनात शिरण्याआधी वन विभागाची परवानगी काढा. ओहोटीला चिखल निर्जंतुक डबीत भरा. क्षारता, तापमान, अक्षांश-रेखांश जागेवरच वहीत उतरवा. डबी बर्फाच्या पेटीतून आणून त्याच दिवशी कामाला घ्या.

यीस्ट वाढवायचं माध्यम असं बनवा: एक लिटर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३, पेप्टोन ५, ग्लुकोज १०, अगार २० ग्रॅम आणि जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक २०० मिलिग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. सामू ४.५ वर आणायचा तो त्यानंतर, माध्यम ५० अंशांपर्यंत निवलं की. आम्ल आधी घातलं तर उष्णतेत अगार तुटतं, प्लेट लिबलिबीत होते आणि लूप (कल्चर उचलायची तारेची कडी) फिरवताच फाटते.

१ ग्रॅम चिखल ९ मिली निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात ढवळा, दहा-दहापट पातळ करत जा, दर पायरीचं ०.१ मिली पसरवा. २५ अंशांवर दोन आठवडे ठेवा. पहिल्या काही दिवसांतच ऱ्होडोटोरुला ही गुलाबी-लाल यीस्ट डोळ्यांत भरते. तिच्यातच अडकू नका. उशिरा उगवणाऱ्या बारीक, फिकट कॉलनी जरूर उचला. लूपने नव्या प्लेटवर दोन-तीनदा रेषा ओढून शुद्ध करा आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपा.

ओळख पटवायला एनएल१ आणि एनएल४ प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरून रायबोसोमच्या जनुकातला डी१/डी२ भाग पीसीआरने वाढवा, दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करा, म्हणजे त्यातल्या बेसचा क्रम वाचा. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं त्या मूळ कल्चरशी करा, कारण जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात चुकीची नावं लागलेल्या नोंदी आहेत. सुमारे ६०० बेसमध्ये १ टक्क्याहून जास्त फरक दिसला तर नव्या प्रजातीचा संशय घ्या. हा संशयच, निकाल नव्हे! क्लॅव्हिस्पोरा लुसिटानिए या यीस्टच्या एकाच प्रजातीत याहून मोठे फरक सापडतात. म्हणून आयटीएस (रायबोसोमच्या जनुकांमधला डीएनएचा भाग), आणखी काही जनुकं, शर्करांचं किण्वन, मिठातली आणि ३७ अंशांवरची वाढ हे सगळं तपासा. शक्यतो वेगवेगळ्या नमुन्यांतले दोन-तीन स्ट्रेन हाताशी हवेत. एकाच स्ट्रेनवरून प्रजातीतली विविधता कळत नाही.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना अधिकृत संग्रहाकडे द्यावा लागतो. परदेशी संग्रहात कल्चर पाठवायचं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा. शोधनिबंधापूर्वी मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या नोंदवहीत नाव नोंदवून क्रमांक घ्या. टाइप म्हणून कल्चर देताना ते चयापचय थांबलेल्या अवस्थेत, म्हणजे फ्रीझ-ड्राय करून किंवा गोठवून जतन केलं आहे, असं वर्णनात स्पष्ट लिहा. २०१९ पासून त्याशिवाय नाव वैध ठरत नाही.