जुन्या पाकपुस्तकातले सॉसेज-बटाटे: पहिल्यांदा करताना

जुन्या पाकपुस्तकात ही कृती बहुधा चार ओळींत आटोपते. सॉसेज परतावीत, कांदे-बटाटे घालावेत, थोडे पाणी घालून शिजवावे, गरम वाढावे. वाचणाऱ्याला रोजचा स्वयंपाक येतो असे धरूनच ती लिहिलेली असते, म्हणून आच किती, काप केवढे, पाणी किती हे आपणच भरून काढायचे. पहिल्या वेळी मात्र पदरचे मसाले घालू नका. सॉसेजमधून सुटणारी चरबी बटाट्याने शोषून घेणे, हीच या पदार्थाची सगळी चव. ती एकदा तरी जशीच्या तशी चाखायला हवी.

आधी मापे बघा. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, औंस म्हणजे २८ ग्रॅम. पाइंटाने मात्र फसगत होते: ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ चा. पुस्तक कुठले आहे ते पाहून मगच पाणी मोजा.

तिघांसाठी ४०० ग्रॅम कच्ची सॉसेज, ६०० ग्रॅम बटाटे, दोन मोठे कांदे, २५० मिलिलिटर पाणी किंवा बिनमिठाचा स्टॉक (हाडे किंवा भाज्या उकळून गाळलेले पाणी), चमचाभर लोणी आणि मिरपूड पुरते. सॉसेज कच्ची आहेत की आधीच शिजवलेली, हे पाकिटावर वाचून घ्या. खालची कृती कच्च्या सॉसेजसाठी आहे. शिजवलेली असतील तर नुसती परतून बाजूला ठेवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत घाला, नाहीतर ती रबरासारखी होतात.

बटाटे सोलून अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. हिरवट भाग दिसला तर तो खोलवर काढून टाका. बटाटा कडवट लागला किंवा बराच हिरवा असला तर तो घेऊच नका. चकत्या धुऊ नका. त्यांच्या अंगावरच्या स्टार्चनेच रस दाटतो, वेगळे पीठ लावावे लागत नाही. शिजल्यावरही आकार धरून राहणारे बटाटे इथे चांगले. फार पिठूळ बटाट्यांचा लगदा होतो, तो चवीला वाईट नसला तरी.

आता जाड बुडाचे पसरट भांडे घ्या. लोणी वितळले की सॉसेज ठेवा आणि मंद ते मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे, अधूनमधून फिरवत, सगळीकडून तांबूस करा. इथे घाई करू नये. आच मोठी झाली की आवरण फाटते, बाहेरून काळे आणि आत कच्चे राहते. सॉसेजना काट्याने टोचूही नका, आतला रस निघून जातो. कमी चरबीची सॉसेज असतील तर लोणी आणखी चमचाभर लागेल.

सॉसेज ताटलीत काढा. त्याच चरबीत कांद्याच्या उभ्या फोडी आठ मिनिटे मऊ होऊ द्या. मग थोडे पाणी ओतून बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. अर्धी चव तिथेच अडकलेली असते. बटाट्याच्या चकत्या पसरा, मिरपूड भुरभुरवा, उरलेले पाणी घाला आणि वर सॉसेज मांडा. झाकण ठेवून मंद आचेवर २५ मिनिटे शिजवा. पाणी बटाट्यांच्या वरपर्यंत येत नाही म्हणून घाबरू नका, वरचे थर वाफेवर शिजतात.

मीठ शेवटी. सॉसेजमध्ये ते आधीच भरपूर असते, त्यामुळे रस चाखूनच घाला. व्हिनेगर किंवा मोहरीची पेस्ट आवडत असेल तर तीही बटाटे शिजल्यावरच, कारण आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही.

सुरी चकतीत सहज शिरली की झाकण काढून पाच मिनिटे रस आटवा. सॉसेज कापून बघा, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर डुकराच्या किंवा गोमांसाच्या सॉसेजच्या मधोमध ७१ अंश सेल्सिअस, कोंबडीच्या सॉसेजला ७४ अंश दिसायला हवेत.

आच बंद करून पाच मिनिटे तसेच ठेवा, तेवढ्यात रस चकत्यांत मुरतो. मग भांडेच टेबलावर आणा आणि तळापासून, कांद्यासकट वाढा.