मराठी मीडियमवाल्यांनो, फ्रेंच मराठीतूनच शिका

मी ठाण्याच्या नौपाड्यातली, शाळा मराठी मीडियम, नोकरी वागळे इस्टेटला अकाउंट्समध्ये. फ्रेंच शिकायचं ठरवलं तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, आधी इंग्लिश पक्कं कर, फ्रेंच त्याच्यावरून सोपी जाते. मी ऐकलं आणि जवळच्याच एका खासगी क्लासला नाव घातलं. तिथे प्रत्येक वाक्य आधी इंग्लिशमध्ये लिहायचं मग त्याचं फ्रेंच करायचं, झेरॉक्सचे गठ्ठे मिळायचे पण तोंड उघडायची वेळच यायची नाही. तीन महिन्यांनी क्रियापदांचे तक्ते पाठ होते पण ‘मला भूक लागलीय’ एवढं म्हणायला अर्धा मिनिट लागायचा, कारण डोक्यात आधी मराठी मग इंग्लिश मग फ्रेंच, आणि तोपर्यंत समोरचा पुढे गेलेला. फी गेली त्यापेक्षा मला वाईट याचं वाटलं की आपल्याला भाषा जमतच नाही असं मी धरून चालले होते.

नंतर अलियाँस फ्रांसेजला परत ए-वनपासून, म्हणजे पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. ही संस्था १८८३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, मुंबईचं सेंटर न्यू मरीन लाइन्सला आहे, ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकल आणि पुढे चालत, नाहीतर ऑनलाइन बॅच. तिथल्या मॅडम पहिल्या दिवसापासून फक्त फ्रेंचमध्ये बोलायच्या. इंग्लिशचा आधारच गेला आणि मग मला हळूहळू दिसायला लागलं की ही भाषा इंग्लिशपेक्षा आपल्या मराठीच्या किती जवळून जाते. जे नवीन सुरू करतायत त्यांना हे आधीच कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

भुकेचंच घ्या. फ्रेंचमध्ये ‘ज्ये फँ’ म्हणतात, म्हणजे भूक ही वस्तू माझ्याकडे आहे. इंग्लिशमधून येणारा ‘मी भुकेला आहे’ असं करायला जातो आणि चुकतो. आपण ‘मला भूक आहे, मला तहान आहे’ म्हणतोच की. फ्रेंचमध्ये वयाचंही तसंच, माणसाकडे तीस वर्षं ‘असतात’, ‘मी तीस वर्षांची आहे’ असं तिकडे नाही म्हणत. ‘तू’ आणि ‘वू’ म्हणजे सरळ आपलं तू आणि तुम्ही. मैत्रिणीला तू, दुकानदाराला, अनोळखी माणसाला, साहेबाला वू, आणि दुकानात शिरल्याशिरल्या आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, ते न म्हणता डायरेक्ट काय पाहिजे ते मागणं तिकडे उद्धट समजतात.

वार बघा. लंदी म्हणजे चंद्राचा दिवस, आपला सोमवार. मार्दी मंगळाचा, मेर्क्रदी बुधाचा, ज्योदी गुरूचा, वांद्रदी शुक्राचा. सोमवार ते शुक्रवार पाचही वार त्याच ग्रहांवरून, त्याच क्रमाने! शनिवार-रविवार तेवढे वेगळ्या वाटेने गेलेत. मला हे कळलं तेव्हा आठवड्याचे वार पाच मिनिटांत पाठ झाले.

आकड्यांना सगळे घाबरतात कारण सत्तरला फ्रेंच लोक साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस, नव्वदला चार-वीस-दहा. माझी आजी भाजीवालीशी हिशोब करताना ‘चार विसा नि दहा’ म्हणायची, अगदी तेच आहे हे, ‘कात्र-वँ-दीस’. आणि आपण एकोणऐंशी, एक्क्याऐंशी असे शंभरपर्यंतचे वेगवेगळे आकडे लहानपणी पाठ केलेत, त्यामुळे हे अवघड नाही, फक्त कानाला सवय हवी. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्तांत, नव्वदला नोनांत असे साधे शब्द आहेत.) फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात आणि परीक्षेत ऐकण्याच्या भागात असा नंबर येऊ शकतो, तिथे साठ ऐकून सहा लिहिलं आणि पुढे ‘सोळा’ आलं की गोंधळ होतो, कारण ते मिळून शहात्तर असतं. मी सराव कसा केला सांगते, कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये बस अडकली की पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायच्या. एमएच ०४ नंतरचे चार आकडे दोन जोड्यांत तोडायचे, ७६-९२ म्हणजे साठ-सोळा, चार-वीस-बारा. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना तर रोज भरपूर वेळ मिळेल.

उच्चारांबद्दल जरा थांबून लिहिते कारण इथेच जास्त लोक सोडून देतात. आपल्याकडे दोन गोष्टी आयत्या आहेत. एक म्हणजे दंत्य त आणि द, फ्रेंचचे त-द असेच दातांवरचे. पण आपण इंग्लिश शब्द ट-ड ने बोलायला शिकलोय म्हणून फ्रेंच शब्द दिसला की तोंडातून ‘टाब्ल’ निघतं, तिथे मुद्दाम ‘ताब्ल’ म्हणायचं. दुसरं म्हणजे अनुस्वार. माझं आजोळ रत्नागिरीकडचं, तिकडची माणसं नाकात बोलतात त्याची शाळेत चेष्टा व्हायची, आणि इथे तेच कामाला आलं. ‘अँ बों वँ ब्लां’, चांगली पांढरी वाइन, या चार शब्दांत फ्रेंचचे चारही नाकातले स्वर येतात, हे रोज दहा वेळा म्हणा, फक्त शेवटी न किंवा म वाजू द्यायचा नाही. जे आपल्याकडे नाही ते फ्रेंच ‘तू’ मधला ऊ. त्यासाठी तोंडात ‘ई’ म्हणायचं आणि ओठ मात्र ‘ऊ’ सारखे गोल करायचे, आरशासमोर करा. हा स्वर सोडून चालत नाही, कारण ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन शब्दांत फरक फक्त याच स्वराचा आहे. आणि र घशातून येतो, गुळणा करताना जागा कळते तिथून.

लिंग हा खरा त्रासाचा भाग आहे. आपल्याला तीन लिंगांची सवय आहे तर दोन काय मोठी गोष्ट असं वाटतं, पण मराठीवरून अंदाज करू नका, चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे. शब्द कधीच एकटा पाठ करायचा नाही, ‘अं’ किंवा ‘यून’ लावूनच वहीत लिहायचा. विशेषणाचं मात्र आपल्याला सोपं जातं, छोटा-छोटी तसं पती-पतीत, आणि ‘सियों’ आवाजाने संपणारे बहुतेक शब्द स्त्रीलिंगी असतात.

आता परीक्षा. डेल्फ म्हणजे फ्रेंच किती येतं त्याची सर्टिफिकेटची परीक्षा. डेल्फ ए-वनला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, एकूण १०० पैकी ५० ला पास, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेतच. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि निदान ४० शब्दांचा छोटा मेसेज. बोलणं पाच ते सात मिनिटं, त्याआधी दहा मिनिटं तयारीला मिळतात, स्वतःची ओळख, मग चिठ्ठीवरच्या शब्दांवरून परीक्षकांना प्रश्न विचारायचे, मग दुकानात खरेदीचा संवाद. लोक ओळख घोकून जातात आणि प्रश्न विचारायची तयारीच करत नाहीत, मी पण तिथेच अडखळले होते, म्हणून रोज पाच प्रश्न मोठ्याने विचारा, घरच्यांना मराठीत उत्तरं देऊ देत. डेल्फचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. पण कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी शिकत असाल तर तिथे टेफ किंवा टीसीएफची कॅनडावाली परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोन वर्षंच धरतात, त्यामुळे आधी उद्देश ठरवा. नोकरीसाठी फक्त ए-वनवर फार काही होत नाही, बी-टूपर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत जायची तयारी असेल तर त्या दिशेने पैसे आणि वेळ घाला. ऐकायला टीव्ही५मोंद या फ्रेंच चॅनेलच्या साइटवर ए-वनचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत, मी ते लोकलमध्ये बघायचे.

सध्या माझं ए-टू चालू आहे आणि भूतकाळ आलाय. क्लासमधले सगळे वैतागलेत की ‘ती गेली’ म्हणताना क्रियापदाला स्त्रीलिंगी का लावायचं. एल ए आले, ती गेली आहे, तो असेल तर गेला आहे, मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. सगळी क्रियापदं अशी जुळत नाहीत, ‘ती झोपली’ला तिकडे दुसरा नियम लागतो, कुठली जुळतात त्यांची यादी पाठ करावीच लागते. पण मागच्या शनिवारी मॅडमनी फळ्यावर ‘मी खाल्लेलं सफरचंद’ लिहिलं, फ्रेंचमध्ये सफरचंद स्त्रीलिंगी म्हणून ‘खाल्लेली’ला जास्तीचा ए लागला. का लागला असं त्यांनी विचारलं तेव्हा वर्गात गप्प बसले होते सगळे, आणि मी हात वर केला.