जपानमध्ये क्युदो करून बघताय? आधी कपड्यांचं बघा

तोक्यो-क्योतोत पर्यटकांना क्युदो, म्हणजे पारंपरिक जपानी धनुर्विद्या, शिकवणारे छोटे वर्ग मिळतात. इथे दोरी पार कानामागे ओढतात, त्यामुळे सुटताना ती कानातल्यात, बटणात नाहीतर खिशात अडकते.

१. बिनकॉलरचा, बिनखिशाचा, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घाला. ओढणी, सैल बाह्या अजिबात नकोत.

२. डूल, साखळी, घड्याळ आधीच काढा. लांब केस मागे घट्ट बांधा.

३. स्वच्छ मोजे न्या. दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, बूट चालत नाहीत.

४. २८ मीटरवरच्या लक्ष्याचा हट्ट नको. सुरुवात दोनेक मीटरवरच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर होते. तिथेच मन लावा, हात खरा तिथेच बसतो.

बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, धनुष्य तुटू शकतं.