बाळाचं वजन करताय? मग या चुका टाळा

बाळ बघायला बायका आल्या की पहिला प्रश्न "वजन किती?" आणि लगेच दुसरा "एवढंच?". या "एवढंच"पायी रडणाऱ्या लई आया बघितल्यात मी. अंगणवाडीत काम करते, दर महिन्याला पोरं काट्यावर घेते आणि तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून लिहूनच टाकते.

कपड्यांसकट वजन

ही माझी सगळ्यात नावडती चूक. थंडीच्या दिवसात एक सासूबाई सून आणि नातवाला घेऊन आल्या. एका दवाखान्यात वजन केलेलं ४.९ किलो, तीन आठवड्यांनी दुसरीकडं केलं तर परत ४.९. झालं, "हिचं दूधच पुरंना झालंय" असं घरात जाहीर झालं, कुणाला न विचारता आमच्या कोल्हापूरच्या गंगावेशीतनं म्हशीचं दूध आणून बाटलीनं पाजायला सुरुवात झाली आणि पोराला जुलाब लागले. माझ्याकडं आले तेव्हा वजन खरंच उतरलेलं. मी विचारलं, पहिल्यांदा वजन केलं तेव्हा अंगावर काय होतं? तर स्वेटर, कुंची, मोजे, दुपटं आणि भरलेला डायपर. आणि दुसऱ्यांदा? "तिथं नर्सनं सगळं काढायला लावलं." म्हटलं आणा ते कपडे इकडं, तेच काट्यावर ठेवते. जवळजवळ अर्धा किलो भरलं की!

म्हणजे पोरगं त्या तीन आठवड्यांत अर्धा किलो वाढलं होतं, दिवसाला साधारण २४ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम म्हणजे झकास वाढ. सून बिचारी तोपर्यंत स्वतःलाच दोष देत बसलेली, आणि बाटलीमुळं पोर अंगावर कमी प्यायला लागलं म्हणून दूधही कमी व्हायला लागलेलं. त्यांना तिथनंच बालरोगतज्ञांकडं पाठवलं. गंगावेशीतलं दूध मोठ्यांनी खुशाल प्यावं हो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते नको. सहा महिन्यांपर्यंत पाणी पण नको, आणि मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, कोण कितीही म्हणू दे.

माझी सवय सांगते. काट्यावर आधी फडकं टाकायचं, मग काटा शून्यावर आणायचा, मग बाळ पूर्ण उघडं करून ठेवायचं. टांगायचा साल्टर काटा असेल तर रिकामी झोळी अडकवून शून्य करायचं, आणि त्याची एक एक रेघ १०० ग्रॅमची असते, त्यामुळं त्यावर कालच्या-आजच्यातला फरक शोधू नका. दर वेळी तोच काटा, जमलं तर पाजायच्या आधी. किराणा दुकानातल्या काट्यावर पोर ठेवणाऱ्यांना काय बोलावं मला कळत नाही.

रोज वजन करणं

हल्ली ऑनलाइन काटा मागवतात आणि सकाळ-संध्याकाळ पोराला त्याच्यावर झोपवतात. शी-शू झाली, दूध प्यालं की आकडा हलणारच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं, २.८ चं बाळ २.६ झालं म्हणून लगेच पावडरीचा डबा उघडू नका, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत येतं. त्याहून जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांनी पण आलं नाही तर मात्र डॉक्टर. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पुढं महिन्यातनं एकदा वजन बास झालं. दूध पुरतंय का बघायचंय तर लंगोट मोजा, पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहा तरी ओले व्हायला पाहिजेत.

तक्ता न भरणं

माता-बाल कार्डात मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा तक्ता असतो, आणि बहुतेक घरात तो कोरा असतो. आकडा लक्षात ठेवतात, ठिपका देत नाहीत! मला ठिपके जोडून होणारी रेघ बघायची असते. बाळ हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात खालच्या बाजूला असलं तरी रेघ पट्ट्याच्या वळणानं वर जात असेल तर मी निवांत असते. आणि वरच्या बाजूचं गुटगुटीत बाळ दोन महिने आडवं चाललं की मी त्याच्या आईला बोलावणं धाडते. डॉक्टर तिसरा पर्सेंटाइल म्हणाले म्हणजे शंभरात तीन मार्क नाहीत हो, त्या वयाच्या शंभर निरोगी बाळांत तीनएक त्याच्याहून हलकी, एवढाच अर्थ. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली काढले, त्यासाठी सहा देशांतली पोरं मोजली आणि त्यात आपली दिल्लीची पण होती, म्हणून "ते गोऱ्यांचं माप आहे" हे कारण मला सांगू नका.

तीन-चार महिन्यांनंतर वाढीचा वेग कमी होतो, तसाच होतो. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षात तिप्पट, एवढं साधारण धरा. लगेच तालमीत घालायचंय का?

बारक्या पण महागात पडणाऱ्या : लवकर जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरनं धरणं (दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेवरनं धरा). पावडरीच्या दुधात जास्त पाणी घालून डबा पुरवणं. नुसतं वजन बघून लांबी आणि डोक्याचा घेर न मोजणं. शेजारणीच्या पोराशी तुलना, यावर तर मी बोलतच नाही.

बाळ सुस्त पडलं, पीत नाही, लंगोट कोरडे राहायलेत किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसतेय, तर काटा शोधत बसायचं नाही, थेट बालरोगतज्ञ नाहीतर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा सरकारी दवाखाना, गाठा, आणि जाताना ते कार्ड पिशवीत टाका.