फिस्टुलाचा फुगा : ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या या चुका टाळा

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हाताची धमनी शिरेला जोडून केलेली वाट. तिथली शीर फुगून गाठ आली की तो फुगा. डायलिसिसचा पेशंट फिस्टुलाच्या हातावर गाठी घेऊन आला की सगळ्यांची नजर गाठीवर. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, कापून टाकता येईल नव्हं?" येईल. पण फुग्याच्या आकारावरून मी ऑपरेशन ठरवत नाही. वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेला, वरची कातडी चिमटीत उचलता येणारा मोठा फुगा थांबू शकतो. कातडी पातळ होऊन चकाकतेय, खपली धरलीय किंवा भराभर वाढतोय, असा फुगा लहान असला तरी थांबू शकत नाही.

पुढची शीर न बघता चाकू लावणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. कोपराजवळच्या फिस्टुलातून मिनिटाला लिटरभर रक्त सहज वाहतं. पुढे शीर आवळली असेल तर दाब मागे साठतो आणि सुयांनी कमजोर झालेली भिंत फुगते. फुगा छाटला आणि आवळलेली जागा तशीच ठेवली, तर तो परत येणारच.

कागलकडचे एक ऊसवाले काका असेच आले. दुसरीकडे दोन्ही फुगे शिवून घेतलेले, व्रणही सुबक, आणि काही महिन्यांत त्याच जागी पुन्हा गाठ. तक्रार विचारली तर म्हणाले, "तसं काय न्हाई ओ, सुई काढल्यावर रगात थांबायला अर्धा तास लागतोय एवढंच." एवढंच! हात डोक्यावर धरायला सांगितला. चांगला फिस्टुला हात वर केला की बसतो. यांचा टणकच राहिला. बोटाखाली घरघर लागायला हवी, तिथे नुसते ठोके. डायलिसिसची फाइल मागवली, तर व्हीनस प्रेशर (रक्त शिरेत परत जाताना मशीनवर दिसणारा दाब) पहिल्या ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून चढत गेलेलं. टेक्निशियन इमानदारीनं लिहीत होता, वाचलं कुणी नव्हतं. फिस्टुलोग्राम केला, म्हणजे शिरेत औषध सोडून एक्स-रेवर वाट बघितली. खांद्याजवळ सेफॅलिक शीर (दंडाच्या बाहेरच्या बाजूची) खोल वळते तिथेच आवळलेली. आधी शिरेत बलून फुगवून ती जागा उघडली, मग फुग्याला हात लावला.

माझी सवय अशी : आधी फाइल, मग हात, मग डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), शंका असेल तर फिस्टुलोग्राम. नव्या मुलांना हा वेळखाऊपणा वाटतो. वाटू दे.

दोन्ही फुगे एकाच दिवशी उरकणं

एका दिवसात काम संपतं, पण दुसऱ्या दिवशी सुई कुठे टोचणार? मग मानेत कॅथेटर (डायलिसिसची तात्पुरती नळी) येतो, त्याच्या मागून जंतुसंसर्गाची भीती येते. जमेल तिथे मी एक फुगा आधी करतो, दुसऱ्या भागातून डायलिसिस चालू ठेवतो आणि पहिला भरला की दुसरा घेतो. पेशंटला दोनदा यावं लागतं, कुरकूर होते, ती मी ऐकून घेतो.

शिवताना

शीर साधारण 6 ते 8 मिलिमीटरची राहील अशी शिवावी, पातळ कातडी सोबतच काढावी. टाक्यांची रेघ बाजूला घ्यावी, म्हणजे पुढची सुई टाक्यावर पडत नाही. लांबलेली शीर आखूड केली नाही तर ती मुडपते आणि गुठळी होते. जंतुसंसर्ग झालेल्या जागी कृत्रिम नळी घालू नये. यावर वाद घालायलाही मी बसत नाही.

'फिस्टुला बांधून टाकू, नवा करू'

सोपा मार्ग. हाताला शिरा मोजक्याच असतात, हे सोपा मार्ग सांगणाऱ्याला आठवत नाही. बसवलेली किडनी नीट चालतेय, हृदयाला फिस्टुलाचा भार झेपत नाही किंवा जागा सडलीय, तर बांधणं योग्य. नाहीतर दुरुस्ती.

तिथंच सुई

"तिथं दुखत न्हाई, तिथंच मारा की." पेशंट म्हणतो आणि घाईतला टेक्निशियन मारतो. फुगे बहुतेक इथेच जन्मतात. दर वेळी जागा सरकवा.

रक्त आलं की टॉवेल

खपली निघून धार लागली की घरचे टॉवेल गुंडाळतात. टॉवेल रक्त पितो, दाब देत नाही. नेमक्या छिद्रावर बोट घट्ट दाबा, हात वर धरा, 108 ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बोट उचलून बघू नका. चंदगडहून कोल्हापूर गाठायला दोन तास तरी लागतात. तेवढा वेळ धार वाट बघत नाही. म्हणून खपली दिसली की त्याच दिवशी दाखवा, पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट बघू नका.

त्या हातावर बीपी नाही, रक्ततपासणी नाही, घट्ट बांगड्या किंवा कडं नाही, कोपरात दुधाची किटली अडकवणं तर नाहीच.

राहिला शेवटचा प्रश्न, टाके निघाल्यावर तिथे सुई कधी. कातडी वरून भरली तरी आतली भिंत भरायला वेळ लागतो. मी निदान चार ते सहा आठवडे थांबवतो, आणि पहिली सुई युनिटमधल्या जुन्याजाणत्या माणसानंच टोचावी असं कागदावर लिहून देतो.